हात ढिला सोड

शमीम,

उद्या सोमवार. चंद्रपूरला जावं की जाऊ नये, याचा घोळ सकाळपासून डोक्यात चालू आहे. गेले तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, "सोबत कोण आलंय?" इतक्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मला कधी द्यावं लागलं नाही. मी तोंड उघडायच्या आत तू खुर्ची ओढून बसलेली असायचीस. "कोण येणार? मीच!" असं म्हणायचीस, जसं काही डॉक्टरांनी तुझा अपमानच केला आहे. उद्या त्या खुर्चीकडे पाहून मी काय सांगू?

आणि नाही गेले तर त्याचीही भीती आहे. मंगळवारी तू गेलीस तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलंय. मान वळवली की डोक्यात बारीकसा करंट बसतो. ओट्यावरून उतरताना जमीन जरा उशिरा लागते. घास तोंडातल्या तोंडात फिरतो. झोप लागलीच तर स्वप्नं इतकी भडक पडतात की उठल्यावर आणखीच थकवा येतो. छातीत धडधड सुरू झाली की वाटतं, तुझंही असंच सुरू झालं होतं का? शाळेत सगळे म्हणतात, मॅडमची मैत्रीण गेली, दुःखाचं आहे. असेल दुःखाचं. पण मला दुसरीच शंका खाते आहे, कारण गोळी मी बंद केली आहे. आपलं भांडण झालं त्याच सोमवारपासून. कोणाला सांगितलेलं नाही.

"हे माझं की गोळीचं?" हा प्रश्न मी तुझ्याशिवाय कोणाला विचारलाच नाही. पोटात ढवळलं की विचारायची. उगाच रडू आलं की विचारायची. तू डोळे बारीक करून मला वरून खाली न्याहाळायचीस आणि निकाल द्यायचीस, "हे गोळीचं. थोडा दम धर." नाहीतर, "हे तुह्यं आहे. रडून घे." तुझे निकाल चुकलेही असतील. पण कोणीतरी ठामपणे सांगतंय, एवढ्यानंच माझी निम्मी भीती जायची. आता त्यात तिसरीच गोष्ट येऊन बसली आहे. हे माझं, की गोळी सोडल्याचं, की तू नसल्याचं? आणि विचारायचं ते तुलाच.

तुझ्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती भाचीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला. त्याच्या आधीचा हिवाळा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. वर्गात हजेरी घेताना नावं वाचता वाचता गळा दाटून यायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची. फळ्यावर तारीख लिहायची तरी हात उचलवत नसे. कारण काही नव्हतं, हेच सगळ्यात वाईट. आमच्या यांना, म्हणजे सिमेंटच्या कारखान्यात पाळ्या करून थकून येणाऱ्या माणसाला, वाटलं कमजोरी असेल. सलाईन झाल्या, टॉनिक झालं. शेवटी एका डॉक्टरांनी झोपेची म्हणून एक गोळी लिहून दिली. ती मनाच्या आजाराची होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या गोळीनं झोप लागायला लागली खरी, पण तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटायची. पुस्तकातली अक्षरं पुसट झाली. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. पोट साफ होईना. हात थरथरायला लागला. आणि दिवस कोणते, तर मार्च-एप्रिल! आपल्या जिल्ह्यात यातलं एकही लक्षण असं नाही की ज्याला लोक 'ऊन लागलं' म्हणणार नाहीत. शेजारीण आंब्याचं पन्हं आणून पाजायची. हे शाळेत निघताना पर्समध्ये कांदा टाकायचे. मी शहाण्यासारखी पन्हं पीत होते, कांदा बाळगत होते आणि रोज रात्री तीच गोळी घेत होते. आपल्या भागात उन्हाळ्यात माणसाचं काहीही झालं तरी आधी तळपायाला कांदाच घासतील.

तर त्या दुपारी चंद्रपूरच्या गेटाजवळच्या तुझ्या दुकानात आम्ही सगळ्या बायका सतरंजीवर बसलो होतो. हसणं-खिदळणं चाललं होतं. माझी पाळी आली. तू माझा हात हातात घेतलास, बोटं जवळ आणून दाबलीस आणि म्हणालीस, "हात ढिला सोड, बाई." मला वाटलं, सोडलाय. पहिली बांगडी तडकली. दुसरीही तडकली. कोणीतरी म्हणालं, "मावशीचा हात मोठा कडक आहे बाप्पा!" आणि सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. फुटलेल्या काचा वेचायचं निमित्त करून खाली वाकलीस आणि माझ्यापुरतं विचारलंस, "गोळी कोणती चालू आहे?"

मी हात ओढून घेतला. म्हणाले, "गोळी कुठली? ऊन लागलंय."

"हौ. मलेबी लागलं होतं असंच ऊन," तू म्हणालीस. "जीभ चिकटते न? उभं राह्यलं का अंधारी येते न?"

तू गल्ल्याच्या मागून एक पुडी काढलीस. बोरकूट होतं. "चाट. तोंडाले पाणी सुटते. हे काई डाक्टरनं नाई सांगतलं, माह्यं मीच शोधलं." मी चिमूटभर जिभेवर ठेवलं. कितीतरी दिवसांनी तोंडात पाणी आलं आणि त्याच्यामागोमाग डोळ्यांतही आलं. तू पुन्हा हात धरलास. या वेळी सावकाश, एकेक करून बांगड्या चढवल्यास. मोजून झाल्यावर प्रत्येक हातात आणखी एक घातलीस. "ही वरची. माह्याकडून." ही तुमच्या दुकानाची रीत, तुझ्या सासूच्या वेळेपासूनची. कितीही बांगड्या भरा, वर एक दुकानाची असायची. तिचा हिशेब नसायचा. पुढे हीच रीत आपल्या दोघींच्या अंगाशी आली, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

निघताना तू म्हणालीस, "सोमवारी ये. नागपूरहून डाक्टर येते. मीबी जाते त्याच्याकडं. पागल-बिगल काई नाई, डोक्याचा डाक्टर आहे, बस." आपण त्यांना शेवटपर्यंत 'सोमवारचे डॉक्टर' म्हणत राहिलो.

ते डॉक्टर मला आवडले नव्हते, आठवतं? मला तर लगेच बरं व्हायचं होतं आणि ते म्हणत होते, वेळ लागेल. पहिली गोळी हळूहळू कमी करून त्यांनी दुसरी सुरू केली. "त्रास आधी जाणवतो, आराम मागून येतो. मधले आठवडे कठीण असतात. न विचारता सोडायची नाही आणि न विचारता वाढवायची नाही," असं बजावलं. तुलाही बजावलं. म्हणाले, आजारी माणसाला आपण सुधारतोय की बिघडतोय हे सगळ्यात शेवटी कळतं, सोबतच्या माणसाला आधी दिसतं, म्हणून सोबत कोणीतरी हवंच. तू एवढी ऐटीत मान हलवलीस की त्यांनाही हसू आलं.

ते मधले आठवडे! दुसऱ्या गोळीनं तोंड ओलं झालं, पण अंगात नुसती चुळबुळ भरली. बसलं तर उभं राहावंसं वाटे, उभं राहिलं तर चालावंसं. सकाळी पोटात मळमळ. वर्गात मी बाकांमधून फेऱ्या मारत शिकवायची, पोरांना वाटे मॅडम आज कडक आहेत. आणि आतलं ते मूळचं, ते तर जागचं हललंच नव्हतं. मी घाबरले होते, शमीम. ही गोळी माझ्यासाठी नाहीच, कुठलीच नाही, मी अशीच राहणार, हा विचार पाठ सोडत नव्हता. तुझ्याकडे येऊन मी म्हणाले, "तुला बघ कशी लागू पडली. मग मलाच का नाही?"

तुझं मन भरून आलं असणार. तू कुठल्याच बाईला दुकानातून कोरडी पाठवली नाहीस. माझी गोळी मी घेतच होते. तू तुझ्या पाकिटातल्या काही गोळ्या कापून माझ्या रुमालात बांधून दिल्यास. "तुही तर घेच, अन् ही वरून घेत जा. मले फायदा झाला, तुले काऊन नाई होणार?" बांगडीवर बांगडी चढवतात तशी गोळीवर गोळी. चांगुलपणातून इतकी मोठी चूक फक्त तुझ्यासारखीच करू जाणे. आणि मीही, बीएड झालेली बाई, ती रुमालातली गाठ देवाच्या प्रसादासारखी जपून घरी घेऊन आले.

मग जे झालं ते आमच्या अख्ख्या कोरपना गावाला 'मॅडमला ऊन लागलं' म्हणूनच माहीत आहे. अंगाला दरदरून घाम, त्यातच हुडहुडी, ताप, जुलाब. पाय आपोआप झटके देत होते, दातखीळ बसल्यासारखा जबडा आवळलेला. यांनी कांदा घासला. शेजारणीनं पन्हं पाजलं, ते उलटून पडलं. मला कळत होतं की हे ऊन नाही, पण रुमालाचं कसं सांगू? सांगितलं असतं तर तुझं नाव आलं असतं आणि माझ्या गोळ्यांचंही. यांना तोपर्यंत मी ॲसिडिटीची गोळी घेते एवढंच माहीत होतं.

आमच्या शेजारच्या मुलाकडून तुला कळलं, मॅडम आजारी आहेत. तू त्याच दुपारी दुकान लोटून एसटीनं आलीस. भर उन्हात, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन. दारात चपला काढल्यास, माझा हात हातात घेतलास आणि तुझा चेहरा उतरला. खोलीत हे होते, शेजारीण होती. तुला गप्प बसता आलं असतं. तू यांच्याकडे वळून म्हणालीस, "भाऊ, ऊन नाई लागलं हिले. माह्यी गोळी लागली. मी देल्ली होती. गाडी बोलवा, दवाखान्यात न्या लागते, अन् तिथं मले बोलू द्या."

जीपमध्ये माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. यांचा आवाज मला ऐकू येत होता, कुठली गोळी, काऊन देल्ली, हिले काय झालं म्हणून गोळी पायजे? तू सगळं सांगितलंस. मी जे इतके महिने सांगू शकले नाही, ते तू चंद्रपूरच्या वाटेवर राजुरा यायच्या आत सांगून मोकळी झालीस. दवाखान्यात गोळ्यांची दोन्ही पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवलीस. वेळेवर आणलं, असं ते म्हणाले. सोमवारच्या डॉक्टरांनी मात्र दोघींना असं झापलं की तू बाहेर येऊन बाकावर बसून राहिलीस. त्यानंतर तू मला साधी खोकल्याची गोळी दिली नाहीस. बडीशेप दिली तरी विचारायचीस, "चालते न वं डाक्टरले?"

हे तुझ्याशी कितीतरी महिने बोलले नाहीत. तुझं नाव निघालं की उठून जायचे. त्याच दिवसांत एकदा मला म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं?" आणि पाठ करून बसले. मला वाटलं रागावलेत. मग खांदे हलताना दिसले. शमीम, ते तुझ्यावर रागावले नव्हते गं. त्यांच्या आधी तुला कळलं होतं, याचं त्यांना लागलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्यानंतर डॉक्टरांनी बदलून दिलेली तिसरी गोळी लागू पडली, पण एका दिवसात नाही. कधीपासून, हेही सांगता येणार नाही. एवढं आठवतं की बाजारात वांगीवाल्यानं किडकं वांगं माथी मारलं म्हणून मी त्याच्याशी कडाडून भांडले आणि घरी येताना जाणवलं की मला राग आला होता. कितीतरी दिवसांनी मला कशाचातरी राग आला होता! तुला सांगितलं तर तू भर दुकानात टाळी दिलीस. "आली वं बाई जाग्यावर!"

ती गोळी काही फुकट नव्हती. अंग सुटलं. माझं बांगडीचं माप सव्वादोनचं अडीचवर गेलं. मी हिरमुसले, तर तू म्हणालीस, "मोठ्या मापाच्या बांगड्या का मी फेकून देऊ? कोणीतरी घालाच लागन न." आणि ते दुसरं, नवरा-बायकोमधलं. कसलीच इच्छा उरली नव्हती आणि मला वाटायचं, हेही माझंच काहीतरी मेलं. डॉक्टरांपुढे मी पदराशी चाळा करत राहिले. तू एकदम म्हणालीस, "बाई लाजते, मीच सांगते," आणि सांगितलंस की सरळ! मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, हेही गोळीचंच असू शकतं म्हणाले, आणि मात्रा थोडी कमी केली. बसमध्ये बसेपर्यंत तू हसू दाबून धरलं होतंस. बस सुटली आणि जी हसायला लागलीस, ती मलाही हसवूनच थांबलीस.

किती सहज लिहून गेले मी हे.

आता त्या सोमवारचं. डॉक्टर म्हणाले होते, कमी करता येईल, पण आत्ता नको, पाऊस संपू द्या, मग बघू. मला ते पटलं नव्हतं. तुझ्या दुकानात बसून मी कुरकुरले, "मी बरी आहे. किती वर्षं बरी आहे. मग रोज उठून स्वतःला आजारी असल्याची आठवण का करून द्यायची? मी आजपासून बंदच करते."

तू एका बाईच्या हातातल्या घट्ट बांगड्या उतरवत होतीस. साबणाच्या पाण्यात तिचा हात भिजत घातला होतास. तू मान वर न करता म्हणालीस, "चढवलेली बांगडी उतरवाची असली तरी हात आधी साबणानं भिजवा लागते. तशीच वढली तर फुटते अन् हातात घुसते."

"तुझं सगळं बांगडीतच," मी म्हणाले.

"मंग का तुह्या पुस्तकातलं सांगू?" तू चिडलीस. "बंद नोको करू म्हणून नाई राह्यली मी. एकदम नोको करू म्हणून राह्यली. तो डाक्टर काऊन बसला आहे तिथं?"

"तुला काय, तुला आयुष्यभर गोळ्या खायची सवय झालीय." हे मी म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "जा मंग. वढ." मी पिशवी उचलली आणि 'येते' न म्हणता निघाले. तसं काही फार मोठं भांडण नव्हतं. आपली याहून मोठी झालीत. पुढच्या खेपेला मी येणार, तू चहा सांगणार आणि आपण जिथं सोडलं तिथून पुन्हा सुरू करणार, हे ठरलेलंच होतं.

मंगळवारी सकाळी फोन आला. पहाटे तुझं हृदय बंद पडलं होतं.

तुझ्या घरी आले तेव्हा तुला आंघोळ घालून कफन घातलं होतं. चेहरा तेवढा उघडा होता. मला तुझा हात धरायचा होता, शमीम. बाकी काही नको होतं. पण हात आत होते. कोपऱ्यात एका ताटलीत तुझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवून ठेवल्या होत्या. एकही फुटलेली नव्हती. मी त्यांच्याकडेच बघत बसले. जनाजा निघाला तेव्हा आम्ही बायका दारातच थांबलो. हे पुढे झाले आणि त्यांनी खांदा दिला. गल्लीच्या वळणापर्यंत मला यांची पाठ दिसत होती.

तेव्हापासून डोक्यात हे करंट आहेत. विहारात बसले, वंदना म्हटली, मन ठरेना. गोळीचं पाकीट कपाटात आहे, समोर दिसतं. आज परत सुरू केली तर चालेल का? न विचारता? की उद्या विचारायला जाऊ? आणि हा आजारच परत आला असेल तर? तो हिवाळा पुन्हा काढायची माझ्यात ताकद नाही. तेव्हा माझ्याजवळ तू होतीस.

हे इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज सोमवार. जाऊन आले.

पहाटे उठून पहिली बस धरली. हे सोबत येतो म्हणत होते, पण त्यांची दिवसाची पाळी होती आणि मला वाटलं, पहिल्यांदा एकटीनं जाऊन बघावं. चंद्रपूरला उतरले तर पाय आपोआप तुझ्या दुकानाकडे वळले. शटर अर्धं वर होतं. आत तुझी नसरीन एकटीच बसली होती, बल्लारपूरहून आलीय तशी इथंच आहे. मला पाहून रडली नाही. सतरंजी झटकली आणि म्हणाली, "बसा मावशी." मी बसले. आणि तिनं काय करावं? बोलायच्या आधी माझा हात हातात घेतला. बोटं जवळ आणली, जराशी दाबली.

"मावशी, गोळी बंद केली न तुम्ही?"

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"अम्मीनंच. त्या सोमवारी तुम्ही गेल्यावर मी इथं आली. धड जेवली नाई ते. म्हणे, बाई चिडून गेली, ते एकदम बंद करन अन् मंग तिले तरास होईन. उद्या सकाळी कोरपन्याले जाच लागन." नसरीन उठली आणि मागच्या खुंटीवरून एक कापडी पिशवी काढून आणली. "ही भरून ठेवली होती तिनं तुमच्यासाठी. मले हे समजलं नाई. बोरकूट तर समजलं. पण साबण काऊन ठेवला असन?"

पिशवीत बोरकुटाची पुडी होती आणि वेष्टणात गुंडाळलेली एक कोरी साबणाची वडी.

मग मात्र मी रडले. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा अशी रडले, त्या सतरंजीवर, नसरीनच्या हातात हात ठेवून. तिला काय सांगू, की तिची आई भांडण मिटवायला निघाली होती? बंद करायची तर कर, पण भिजवून, सावकाश, एवढंच सांगायला तू पहिल्या बसनं येणार होतीस. आणि मी इकडे ती बांगडी ओढून बसले होते. नसरीन म्हणाली, "हात ढिला सोडा, मावशी," आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिची बोटं किती घट्ट धरली होती.

तिनं शटर खाली ओढलं आणि माझ्यासोबत निघाली. मी नको म्हटलं नाही.

डॉक्टरांनी मान वर करून विचारलं, "सोबत कोण आलंय?" नसरीन म्हणाली, "मी. शमीमची मुलगी." त्यांनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं, तू उशिरा येतेयस असं समजून. मग मला सांगावंच लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. तू त्यांचीही पेशंट होतीस, शमीम, आणि त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मग त्यांनी मला काय काय होतंय ते विचारलं. मी सगळं सांगितलं, एकदम बंद केल्याचंही. ते चिडले नाहीत. हे करंट आणि ही चक्कर गोळी अचानक थांबवल्याचीच असणार, म्हणाले. छाती तपासली, तरी खात्री म्हणून ईसीजीची पट्टी काढायला लावली, ती नीट आली. गोळी परत सुरू करायला सांगितली आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावलं. कमी करायचं मागून ठरवू, थोडं थोडं, मी सांगेन तसं. "आणि हे रडू येतंय ना, त्याला गोळी नाही. ते येऊ द्या."

म्हणजे वाद तूच जिंकलीस. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला तू तरसली होतीस आणि आता मी म्हणतेय तर कोणी टाळी द्यायला नाही.

भीती गेलेली नाही. उद्या सकाळी उठेन तेव्हा पहिला विचार तोच येईल, हे माझं की गोळीचं की तुझं? पण आज संध्याकाळी हे कामावरून आले, माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाले, "घे गोळी. मी पाहून राह्यलो." आणि खरंच समोर बसून राहिले. पुढच्या सोमवारी मीच येतो, म्हणाले.

साबणाची वडी मी कपाटात गोळ्यांच्या डब्याजवळ ठेवली आहे. वेष्टण काढलेलं नाही. डॉक्टर ज्या दिवशी म्हणतील त्या दिवशी काढीन. तोवर हात ढिला सोडून बसते.